लस घेतलेल्यांची रॅपिड टेस्ट: रेषा उशिरा का उमटते?

कोरोनाची लस घेतली म्हणून रॅपिड अँटिजेन टेस्ट (किटवर काही मिनिटांत होणारी कोरोनाची चाचणी) पॉझिटिव्ह येत नाही. किट शोधतं ते नाकातल्या विषाणूचं न्यूक्लिओकॅप्सिड, म्हणजे आतलं प्रथिन. कोविशील्डमधून शरीराला ओळख होते ती फक्त स्पाइक, म्हणजे विषाणूवरच्या काट्यांच्या प्रथिनाची. कोवॅक्सिनमध्ये अख्खा विषाणू असतो खरा, पण निष्क्रिय केलेला, आणि तोही दंडात टोचलेला. नाकात तो वाढत नाही.

घोळ होतो तो दिवसांचा. लस घेतलेल्या किंवा एकदा कोरोना होऊन गेलेल्या माणसाची प्रतिकारशक्ती विषाणूला लगेच ओळखते. त्यामुळे घसा खवखवणं, कणकण लवकर सुरू होते, पण नाकातला विषाणू अजून कमीच असतो. २०२० मध्ये लक्षणं दिसायच्या सुमारासच विषाणू भरात असायचा. ओमायक्रॉनच्या काळात अमेरिकेतल्या एका अभ्यासात, जवळजवळ सगळेच लस घेतलेले किंवा आधी बाधित झालेले असताना, हा भर लक्षणांच्या चौथ्या दिवसाच्या आसपास आला. तिथल्या अंदाजानुसार पहिल्या दिवशी रॅपिड टेस्टने ३० ते ६० टक्केच बाधित पकडले असते, चौथ्या दिवशी ८० ते ९३ टक्के. म्हणजे पहिल्या दिवशी दहातले चार ते सात सुटणार. 'दोन डोस झालेत, टेस्टही निगेटिव्ह, मग साधी सर्दीच' हे गणित इथेच फसतं.

म्हणून लक्षणं असतील तर निगेटिव्हनंतर ४८ तासांनी पुन्हा टेस्ट. लक्षणं नसतील, पण घरात कुणी बाधित असेल तर ४८-४८ तासांच्या अंतराने तीन. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी निघताना आदल्या रात्रीची टेस्ट धरू नका, निघायच्या सकाळची धरा. तीही त्या दिवसापुरतीच.

आता हात कुठे चुकतो ते. नाक आधी शिंकरून घ्या. कांडी नाकात दोन ते चार सेंटिमीटर आत, भिंतीला टेकवून पाच वेळा फिरवायची. मग तीच कांडी दुसऱ्या नाकपुडीत. बरेच जण नुसती टोकाला लावून काढतात, त्यात काही येत नाही. ट्यूब चिमटीत धरून कांडी द्रवात दहा वेळा तरी घोळा. कार्डावर थेंब किती टाकायचे ते कागदात बघा, बहुतेक किटमध्ये दोन किंवा तीन. जास्त टाकले तर पट्टीवर पूर येतो, कमी टाकले तर द्रव वर चढत नाही. 'सी' रेषा (टेस्ट नीट चालली हे सांगणारी) आली नाही तर टेस्ट बाद, मग 'टी'कडे (विषाणू सापडला हे सांगणाऱ्या रेषेकडे) बघायचंच नाही.

वेळ बहुतेक किटची १५ मिनिटं. तेवढ्यात 'टी' रेषा कितीही फिकी दिसली तरी पॉझिटिव्ह. 'फिकी म्हणजे अर्धा कोरोना' असं काही नसतं. अर्ध्या तासानंतर कचऱ्यातून कार्ड काढून पाहिलं आणि रेषा दिसली, तर ती धरायची नाही.

आपल्याकडे अजून एक अडचण: ऊन. किट २ ते ३० अंशांत ठेवायचं असतं, आणि मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा ४५च्या घरात जातो. गाडीच्या डिकीत दुपारभर पडलेल्या किटवर भरवसा नको. 'सी' रेषा आली म्हणून बाकी सगळं शाबूत असेलच असं नाही. फ्रिजमध्ये ठेवलं असेल तर पाकीट न फोडता ते आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर पट्टीवर दव धरतं.

म्हातारी माणसं, मधुमेह, दमा, किडनीचा त्रास असेल, तर दुसऱ्या रॅपिडची वाट न बघता आरटीपीसीआर (प्रयोगशाळेत होणारी जास्त बारीक चाचणी). लक्षणं असून रॅपिड निगेटिव्ह आली तर आरटीपीसीआर करा, असं आयसीएमआरही (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) सांगत आलंय. विषाणूवर थेट काम करणाऱ्या गोळ्या लक्षणांच्या पहिल्या पाच दिवसांतच सुरू कराव्या लागतात, आणि दोन रॅपिडमध्येच तीन दिवस निघून जातात.