आधी एनडीबी, मग व्हीओआर: घरच्या सिम्युलेटरवर रेडिओ नेव्हिगेशन शिकताना

घरच्या सिम्युलेटरवर रेडिओ नेव्हिगेशन, म्हणजे जमिनीवरच्या रेडिओ केंद्रांच्या आधारे विमानाची वाट शोधणे, शिकू इच्छिणाऱ्या प्रत्येकाला मी एक गोष्ट आग्रहाने सांगतो, ती म्हणजे सुरुवात एनडीबी या सर्वांत साध्या केंद्रापासून करावी. प्रचलित क्रम याच्या नेमका उलट आहे. इंटरनेटवरचे बहुतेक धडे व्हीओआरपासून, म्हणजे आपण केंद्राच्या कोणत्या दिशेला आहोत ते थेट सांगणाऱ्या साधनापासून, सुरू होतात आणि एनडीबीला कालबाह्य साधन म्हणून शेवटी थोडक्यात आटोपतात. एनडीबी जगभर बंद होत आहेत हे खरेच आहे. परंतु ज्या साधनावर प्रत्यक्ष उड्डाणे अधिक होतात तेच शिकायलाही आधी घ्यावे असे मला वाटत नाही. एनडीबी आपल्याला अत्यंत कमी सांगतो, आणि उरलेले सगळे आपल्याला स्वतः काढावे लागते. म्हणूनच तो उत्तम शिक्षक आहे.

एनडीबी म्हणजे जमिनीवरचे एक साधे प्रक्षेपण केंद्र. ते सामान्यतः १९० किलोहर्ट्झच्या पुढच्या कमी वारंवारतेवर सर्व दिशांना सारखाच संदेश पाठवत राहते. विमानातला एडीएफ तो संदेश कोणत्या बाजूने येतो हे शोधतो आणि त्याची सुई केंद्राकडे वळते. शिवारात उभे राहून दूरच्या देवळाचा कळस दिसावा तसेच हे आहे: देऊळ कोणत्या बाजूला आहे ते कळते, पण आपण कोणत्या वाटेवर उभे आहोत ते कळत नाही. सुई दाखवते तो कोन विमानाच्या नाकापासून मोजलेला असतो. त्यात हेडिंग, म्हणजे विमानाचे नाक ज्या चुंबकीय दिशेला आहे तिचे अंश, मिळवले की केंद्राची चुंबकीय दिशा मिळते. हेडिंग ०७० असेल आणि सुई ३३० वर असेल, तर बेरीज ४०० होते. त्यातून ३६० वजा केले की केंद्र ०४० दिशेला आहे हे समजते. ही बेरीज डोक्यात सहज होऊ लागेपर्यंत पुढे जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

खरा अभ्यास वारा सुरू केल्यावर होतो. सेस्ना १७२ हे छोटे विमान घ्यावे, वेग ११० नॉट (ताशी नॉटिकल मैल) ठेवावा, आणि सिम्युलेटरच्या हवामानात केंद्राकडे जाणाऱ्या ०४० या मार्गाला काटकोनात, उजवीकडून येणारा २० नॉटचा वारा लावावा. सुई सतत शून्यावर ठेवत गेले तरी केंद्रावर पोहोचता येते, मात्र मार्ग सरळ राहत नाही. विमान डावीकडे ढकलले जात वक्र रेषेत फिरते आणि शेवटी जवळजवळ वाऱ्याकडे तोंड करून केंद्रावर येते. याला होमिंग म्हणतात आणि मार्गदर्शन म्हणून त्याला फारशी किंमत नाही. सरळ मार्ग राखायचा असेल तर हेडिंग ०४० वर स्थिर ठेवून आधी सुईकडे पाहत राहावे. काही वेळाने ती पाच अंश उजवीकडे सरकते, म्हणजे केंद्र आता ०४५ ला आहे आणि आपण मार्गाच्या डावीकडे गेलो आहोत. मग ३० अंश उजवीकडे वळून हेडिंग ०७० घ्यावे आणि सुई नाकाच्या डावीकडे ३० अंशांवर, म्हणजे ३३० वर येण्याची वाट पाहावी. ती तिथे आली की आपण पुन्हा ०४० च्या रेषेवर असतो. आता परत ०४० घ्यायचे नाही. २० नॉटचा काटकोनी वारा ११० नॉटच्या विमानाला सुमारे अकरा अंश ढकलतो, म्हणून हेडिंग ०५१ धरावे. सुई ३४९ वर स्थिर राहिली तर वाऱ्याचा अंदाज बरोबर आहे; हळूहळू सरकू लागली तर सरकण्याची दिशाच पुढची दुरुस्ती सांगते. हेडिंग (नाकाची दिशा), ट्रॅक (जमिनीवरचा प्रत्यक्ष मार्ग) आणि बेअरिंग (केंद्राची दिशा) या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत हे पुस्तकात वाचून कळते, परंतु ते अंगवळणी पडते ते या एका सरावाने.

एवढे पक्के झाल्यावर व्हीओआर हाती घ्यावे. ते १०८ ते ११७.९५ मेगाहर्ट्झ या पट्ट्यात काम करते आणि दोन संदेश पाठवते: एकाची कला (लहरीच्या चक्रातली स्थिती) सर्व दिशांना सारखी असते, तर दुसऱ्याची दिशेनुसार बदलत जाते. दोन्हींत ३० हर्ट्झचे स्पंदन असते आणि त्यांच्या कलांमधला फरक म्हणजेच केंद्रापासून आपण ज्या दिशेला आहोत तो कोन, अर्थात रेडियल. यात विमानाचे नाक कुठे आहे याचा कसलाच संबंध येत नाही. नवशिक्यांचा सर्वांत मोठा गोंधळ इथेच होतो, आणि सिम्युलेटर तो ज्या प्रकारे दूर करू शकतो तसा खरे विमान करू शकत नाही. विमान हवेत एका जागी थांबवावे आणि तिथल्या तिथे पूर्ण गोल फिरवावे. अनेक सिम्युलेटरांत अशी सोय असते, नसल्यास त्याच जागी निरनिराळ्या हेडिंगने विमान ठेवून पाहावे. एडीएफची सुई नाकाच्या उलट दिशेने पूर्ण फिरते. व्हीओआरचा काटा जागचा हलत नाही. हा प्रयोग केल्यावर हवा तो कोर्स (मार्गाचा कोन) लावण्याचे ओबीएसचे बटण, तो कोर्स केंद्राकडे नेतो की केंद्रापासून दूर हे सांगणारी ‘टू’ आणि ‘फ्रॉम’ची खूण, आणि चुकीचा कोर्स लावल्यावर काट्याने दिलेली उलटी सूचना, या सगळ्यांचा उलगडा आपोआप होतो.

नागपूरकरांसाठी सराव अगदी घरातून सुरू होतो. सोनेगावच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर आंतरराष्ट्रीय विमानतळाचे व्हीओआर एनएनपी या संकेताने ओळखले जाते. वारंवारता लावली की आधी मोर्समधला संकेत ऐकावा: लांब-आखूड, लांब-आखूड, आखूड-लांब-लांब-आखूड. हा संकेत ऐकल्याशिवाय काट्यावर विश्वास ठेवायचा नाही, ही शिस्त घरीसुद्धा पाळावी. तिथून गोंदियाजवळचा बिरसी विमानतळ सुमारे ०७० रेडियलवर, सत्तर-पंचाहत्तर नॉटिकल मैलांवर आहे. वाटेत तुमसरच्या आसपास वैनगंगा लागते, त्यामुळे काटा सांगतो ते खाली डोकावून पडताळून पाहता येते. आपल्या भागात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांतला फरक फार थोडा असल्याने नकाशावर मोजलेला कोन जवळजवळ जसाच्या तसा वापरता येतो. अलास्कात उडायला गेल्यास मात्र हा फरक विसरून चालत नाही.

या मार्गावर व्हीओआरच्या मर्यादाही दिसतात. त्याच्या लहरी दृष्टिरेषेत जातात. जमिनीपासून दोन हजार फुटांवर असलो तर सुमारे ५५ नॉटिकल मैलांनंतर संदेश तुटण्याची अपेक्षा ठेवावी, सहा हजार फुटांवर ही मर्यादा ९५ मैलांच्या घरात जाते. म्हणजे खालून उडत गेल्यास बिरसीच्या बऱ्याच अलीकडे तबकडीवर ऑफचा झेंडा, म्हणजे संदेश मिळत नसल्याची खूण, दिसायला हवा. काटा एका टोकाला जातो तेव्हा आपण रेडियलपासून दहा अंश दूर असतो, त्यामुळे नेहमीच्या पाच ठिपक्यांच्या तबकडीवर एक ठिपका म्हणजे दोन अंश. इथे साठास एकचा नियम कामाला येतो: साठ मैलांवर एक अंश म्हणजे एक मैल. तीस मैलांवर एक ठिपका सरकलेला काटा एक मैलाची चूक सांगतो, साठ मैलांवर तोच ठिपका दोन मैलांची. काट्याचे अंतर आणि प्रत्यक्ष अंतर यांचे हे नाते मनात बसले की केंद्राजवळ काटा एवढा चंचल का होतो आणि नेमके केंद्राच्या डोक्यावर त्याचा पाठलाग का करू नये, हे वेगळे सांगावे लागत नाही.

डीएमई या अंतर मोजणाऱ्या साधनाबद्दल थोडेच सांगतो. विमान स्पंद पाठवते, जमिनीवरचे केंद्र ठरलेल्या ५० मायक्रोसेकंदांनंतर उत्तर देते, आणि गेलेल्या वेळेवरून अंतर निघते. हे अंतर तिरपे असते. म्हणून केंद्राच्या बरोबर वर सुमारे सहा हजार फुटांवर असलो तरी आकडा शून्य न दाखवता एक मैल दाखवतो. डीएमई बंद ठेवूनही अंतर काढता येते, आणि मला तो सराव अधिक मोलाचा वाटतो. केंद्र पंखाच्या टोकाच्या रेषेत आले की घड्याळ लावावे आणि हेडिंग तेच ठेवून बेअरिंग दहा अंशांनी बदलायला किती सेकंद लागतात ते मोजावे. त्या सेकंदांना दहाने भागले की केंद्रापर्यंतची मिनिटे मिळतात: १२० सेकंद लागले तर केंद्र बारा मिनिटांवर आहे.

माझा भाचा एकदा बाजूला बसून हे सारे पाहत होता. त्याने विचारले, “मामा, फोनमधी जीपीएस असताना हे सारं कायले शिकून राहिले तुम्ही?” प्रश्न रास्त होता आणि त्याचे उत्तर द्यायलाच हवे. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर आहेत आणि त्यांचा संदेश जमिनीपर्यंत येईतो अतिशय क्षीण होतो. तो दाबून टाकणे किंवा त्याची नक्कल करणे अवघड नाही. एप्रिल २०२४च्या अखेरीस फिनएअरने एस्टोनियातील तार्तू शहराची उड्डाणे महिनाभर थांबवली, कारण तिथे उतरण्याच्या पद्धती जीपीएसवर अवलंबून होत्या आणि त्या भागात जीपीएसमध्ये वारंवार अडथळे येत होते. अमेरिकेतही बरीच व्हीओआर केंद्रे बंद करताना त्यांचे एक किमान जाळे मुद्दाम टिकवले जात आहे. जीपीएस गेल्यास विमानाला शंभर नॉटिकल मैलांच्या आत असा विमानतळ मिळावा जिथे त्याच्याशिवाय उतरता येईल, हा त्यामागचा हेतू. परंतु भाच्याला मी जे मुख्य उत्तर दिले ते निराळे होते. सरकत्या नकाशावर आपली जागा आयती मिळते. रेडिओ साधनांवर ती दिशा, अंतर आणि वेळ यांवरून सिद्ध करावी लागते, आणि ज्याला ती सिद्ध करता येते त्यालाच नकाशा चुकला तर ते ओळखता येते. व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी हवाई नेव्हिगेशनची परीक्षा आजही द्यावीच लागते आणि तिच्यात रेडिओ साधनांचा अभ्यास असतो, हे ऐकून तो थोडा वेळ आणखी बसला.

या विषयाशी नागपूरचे नाते जुने आहे, आणि ते आपल्याकडे पुरेसे आठवले जात नाही याची मला खंत वाटते. जानेवारी १९४९ मध्ये रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या चारही शहरांतून विमाने रात्री निघत, मध्यरात्रीच्या सुमारास नागपूरला एकत्र येत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करत आणि पहाटेपर्यंत आपापल्या शहरी परतत. उपग्रह नाहीत, सरकते नकाशे नाहीत, आणि चार दिशांनी येणाऱ्या विमानांनी काळोखात एकच ठिकाण शोधायचे. डकोटा विमानात रेडिओ कंपास असे, म्हणजे आजच्या एडीएफचाच पूर्वज. मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटरच्या २०२२ मधल्या चाळिसाव्या वर्धापनदिन आवृत्तीत डीसी-३ हे विमान, म्हणजे डकोटाचेच मूळ रूप, आले आहे. ते घेऊन रात्री, ढगांच्या वर, जबलपूरकडून सोनेगावला येऊन पाहावे. त्या वैमानिकांबद्दलचा आदर त्यानंतर केवळ वाचीव राहत नाही.

साधनांसाठी खर्च करण्याची घाई नको. फ्लाइटगिअर विनामूल्य मिळतो आणि त्यातले सेस्ना या अभ्यासाला पुरेसे आहे. एक्स-प्लेन असेल तर उत्तमच. सरावापूर्वी नकाशाची खिडकी आणि जीपीएसचा पडदा बंद करावा, आणि प्रत्यक्ष कागद व पेन्सिल जवळ ठेवावी. सिम्युलेटरमधली केंद्रांची यादी अनेकदा जुनी असते. भारतीय विमानतळ प्राधिकरण एआयपी ही हवाई माहितीची अधिकृत पुस्तिका प्रकाशित करते. तिच्याशी वारंवारता ताडून घेतल्यास पुष्कळ मनस्ताप वाचतो.

घरच्या सिम्युलेटरबद्दल माझी एकच तक्रार आहे, ती म्हणजे एनडीबीची सुई तिथे गरजेपेक्षा फार स्वच्छ वागते. प्रत्यक्षात सूर्यास्ताच्या आणि सूर्योदयाच्या सुमारास, तसेच रात्री, आयनांबरावरून परत येणाऱ्या लहरींमुळे ती डोलते, किनाऱ्याजवळ लहरी वळल्यामुळे चुकीची दिशा दाखवते, वळताना विमान कलले की बिघडते, आणि विदर्भात जूनमध्ये उठतात तसल्या गडगडाटी ढगांजवळ केंद्र सोडून विजेकडे ओढली जाते. यातले बरेचसे घरी अनुभवता येत नाही, म्हणून ते हिशेबात धरूनच शिकावे. प्रत्यक्ष नियमांतही एनडीबीवर पाच अंशांच्या आत असलो की मार्गावर आहोत असे मानतात, व्हीओआरवर मात्र काटा अर्ध्या विचलनाच्या आत असावा लागतो. सुई घरी कितीही स्थिर दिसली तरी मी तिच्याकडून त्या पाच अंशांपेक्षा अधिक अचूकतेची अपेक्षा ठेवत नाही, आणि दर काही मिनिटांनी दुसऱ्या केंद्राचे बेअरिंग घेऊन दोन्ही रेषा कागदावर कुठे छेदतात ते पाहतो.