तुम्ही विचारलंत म्हणून: नवी कॅराव्हॅन गळते, तर परत का नाही केलीत?

लग्नाच्या पंगतीत, लिफ्टमध्ये, भाजीवाल्यासमोर, सगळीकडे हाच प्रश्न. गाडी नवी, तरी गळते, मग परत का नाही केलीत? म्हणून एकदाच सविस्तर सांगते. गाडी का घेतली, कितीला पडली, निवृत्तीचे पैसे कुठे घातले, हे तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त पाठ आहे. ते सोडते.

आधी माझा एक प्रश्न. आपल्या बोरिवलीत रस्त्यात उभं राहून वर बघा. दर दुसऱ्या इमारतीच्या गच्चीवर पत्र्याची शेड दिसेल. ती काय हौसेने घातलीय? स्लॅब गळतो म्हणून. ब्रिकबॅट कोबा झाला, केमिकल मारून झालं, डांबरी शीट चिकटवून झाली, शेवटी पत्रे. वरच्या मजल्यावरचे लोक गादी भिजू नये म्हणून खोलीत बादली ठेवतात, पण बिल्डरच्या हातात चावी परत ठेवलेला एक माणूस मला दाखवा. आमच्या छतातून पाणी आलं की मात्र लगेच, ‘फसवलं हो तुम्हाला!’

हे उत्तर मी बरेच दिवस देत होते. समोरचा गप्प बसतो, हा त्याचा मोठा फायदा. पण खरं उत्तर ते नाही.

कॅराव्हॅन म्हणजे चॅसीवर, गाडीच्या सांगाड्यावर, बसवलेली राहायची पेटी. बाहेर पत्रा, मध्ये फोम, आत प्लाय आणि त्यावर सनमायका. छताला हॅचसाठी, म्हणजे हवेच्या झडपेसाठी भोक, एसीसाठी भोक, सोलर पॅनेलच्या प्रत्येक ब्रॅकेटला चार स्क्रू. बाजूला जो कापडी छज्जा उघडतो, त्याची लांबलचक पट्टी ओळीने स्क्रूंवर बसलेली. प्रत्येक स्क्रू म्हणजे एक भोक, आणि ते बुजवायला फक्त सीलंट. गाडी खड्ड्यात गेली की सगळी पेटी पिळवटते. सीलंट कडक झालेला असेल तर तिथे केसाएवढी फट पडते, आणि पाण्याला तेवढी पुष्कळ. त्यात आपला पाऊस. लंडनला वर्षभरात पडतो त्याहून जास्त सांताक्रूझला एकट्या जुलैत पडतो, 800 मिलिमीटरच्या वर, आणि तोही सरळ नाही, वाऱ्याबरोबर आडवा.

कारखान्याचं पहिलं उत्तर होतं, ‘मॅडम, ते कंडेन्सेशन आहे. तुमच्याच श्वासाची वाफ.’ हे अगदीच खोटं नाही. महाबळेश्वरला डिसेंबरात सगळं बंद करून झोपलो की सकाळी काचा आतून ओल्या असतात आणि गादीखाली हात घातला तर दमट लागतं. बाहेर थंडी, आत चार माणसांचे श्वास. पण मुंबईतल्या जुलैचं काय? बाहेर उकाडा, आत एसी. इथे काचा घामेजतात त्या बाहेरून. आणि गाडी कंपाउंडमध्ये रिकामी उभी, एसी बंद, तेव्हा श्वास कोण घेत होतं? मी डागावर ॲल्युमिनियम फॉइलचा तुकडा चारी बाजूंनी टेप लावून चिकटवला. दुसऱ्या दिवशी वरून कोरडा, खालून ओला. हवेतली वाफ असती तर उलटं झालं असतं. फोटो पाठवला. दोन निळ्या टिका आल्या, उत्तर आलं नाही.

पाण्याच्या टाकीच्या पाइपचा जॉइंटही सैल निघाला होता. नळ बंद असताना रात्री पंप आपोआप घुरघुरला की लाइनमध्ये कुठेतरी प्रेशर उतरतंय असं समजायचं. ते क्लिप आवळून मिटलं. त्याचं मला काही नाही.

मला आहे ते त्या रविवारचं. मागच्या कपाटात, पलंगाच्या डोक्याशी तपकिरी डाग दर पावसाला बोटभर वाढत होता, आणि त्याच्या बरोबर वरचं छत ठणठणीत कोरडं. दीर पाइप घेऊन शिडीवर, मी आत टॉर्च आणि जुनी वर्तमानपत्रं घेऊन कपाटात शिरलेली. अशा वेळी खालून वर जायचं असतं आणि एका जागी पाणी बराच वेळ धरायचं असतं, नाहीतर वरचं पाणी ओघळून खालच्या फटीत शिरतं आणि कुठून आलं तेच कळत नाही. भाऊजींना एवढा धीर कुठला!

‘भाऊजी, वर जाऊ नका, अजून खिडकीच झाली नाही.’

‘वहिनी, सेक्रेटरी गॅलरीतून बघतायत. पिण्याचं पाणी आहे हे.’

खिडकी कोरडी. हॅच कोरडा. मागची बाजू पूर्ण झाली, कागदावर थेंब नाही. नवरा म्हणाला, आता पुढे धरून बघ, छज्जाच्या पट्टीवर. पुढे म्हणजे दाराच्या वर, कपाटापासून गाडीच्या दुसऱ्या टोकाला. मला पटलं नव्हतं. बराच वेळ काही झालंही नाही. मग माझ्या कानाशी टप. कागदावर आधी एक ठिपका, मग ओळ. पाणी शिरत होतं दाराच्या वर आणि भिंतीच्या आत ॲल्युमिनियमच्या पट्टीवरून चालत येऊन पलंगाशी बाहेर पडत होतं, कारण आमच्या कंपाउंडला गटाराच्या बाजूला उतार आहे आणि गाडीची मागची बाजू तिकडे असते.

मी डागावर अंगठा दाबला. अंगठा आत गेला.

सनमायका फाटला, आणि त्याच्यामागे प्लाय असायला हवी तिथे काळा, ओला भुसा. चिमटीत धरला की पाणी सुटत होतं. वरून भाऊजी ओरडतायत, ‘आलं का? आलं का?’ मला तोंड उघडवेना. नवऱ्याने दारातून डोकावून अंगठ्याकडे पाहिलं आणि काही न बोलता जाऊन नळ बंद केला. त्याने आयुष्यभर दुसऱ्यांच्या गाड्यांची सर्व्हिसिंग केली. काही आठवड्यांच्या पावसात प्लायचं असं होत नाही, हे त्याला माझ्याआधी कळलं होतं. गाडीने आमच्याकडे यायच्या आधीचा पावसाळा कारखान्याच्या आवारात, उघड्यावर काढला होता. कागदावर नवी होती, एवढं खरं.

त्यावर कारखान्याने पुष्कळ वादावादीनंतर गाडी परत घ्यायची तयारी दाखवली. रजिस्ट्रेशन, टॅक्स, विमा आणि ‘वापर’ कापून. ग्राहक आयोगात जायला कायद्याने दोन वर्षांची मुदत असते. वकील पुतण्याने तक्रारीचा मसुदाही करून दिला. तो अजून आहे, घरातल्या कोरड्या कपाटात.

आणि मी नको म्हटलं. पैसे कापले असते म्हणून, असं मी सगळ्यांना सांगते. ते कारण खरं आहे. पण एक पैसाही कापला नसता तरी मी हो म्हटलं असतं असं वाटत नाही. बदलून दुसरी दिली असती तर तिच्या भिंती पुन्हा बंद, पुन्हा सनमायका चकचकीत, आणि ती कुठून गळते ते शोधायला आणखी एक पावसाळा. हिची भिंत मी उघडून बघितलीय. हिच्याबद्दल मला कोणी काही सांगू शकत नाही.

गाडी घेताना मीच म्हणाले होते, डोक्याला ताप झाला की सरळ विकून टाकू. ताप झाला. ती तेव्हाची मी आता विचारते, काय झालं तुझ्या शब्दाचं? मी म्हणते, अंगठा तुझा नव्हता गेला आत. ती म्हणते, म्हणूनच विकायची. तिचं चुकतंय असं मला म्हणता येत नाही, आणि गाडी काही मी विकत नाही.

दुरुस्ती आम्हीच केली. कारखान्याच्या मुलाने आधी बाहेरून सिलिकॉनची रेघ ओढून ठेवली होती. सिलिकॉनवर नंतर काहीच धड चिकटत नाही, म्हणून ते सगळं खरवडण्यातच बोटांची सालं निघाली. शेजारचे काका म्हणाले एम-सील लावा. अहो काका, ते दगडासारखं घट्ट होतं, गाडी हलते. नागदेवीच्या हार्डवेअर बाजारात जाऊन ब्यूटाइल टेप, म्हणजे चिकट रबरी पट्टी आणली, सुकल्यावरही लवचिक राहणारं पॉलियुरेथेन सीलंट आणलं. जुने स्क्रू गंजले होते, त्यांच्या जागी 316 ग्रेडचे स्टेनलेस. समुद्राच्या हवेत तेच टिकतात. पट्टी अख्खी उतरवली, कुजलेली प्लाय कापून नवी बसवली.

ओल मोजायचं मीटरही घेतलं. परदेशी लोक सांगतात 15 टक्क्यांच्या खाली हवं, 20 च्या वर गेलं की काळजी करा. आपल्याकडे पावसाळ्यात हवेतच एवढा दमटपणा की कोरडी प्लायसुद्धा 17-18 दाखवते. मग मी घरातल्या कपाटाला लावून बघितलं, ते 18. आता गाडीच्या त्या कोपऱ्याचा आकडा कपाटाशी ताडून बघते. कोपरा ठीक आहे. मागच्या खिडकीखाली मात्र 24 आलेत. हे अजून कोणाला बोलले नव्हते.

राहता राहिली शेड. ताडपत्री टाका म्हणता, पण ती वाऱ्याने घासून रंग काढते आणि खाली ओल कोंडते. राज्य सरकारने 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, पण पावसाळ्यात गाडी उभी कुठे करायची ते सोसायटीलाच विचारावं लागतं. चार खांब आणि वर पत्रा, स्वखर्चाने, असा अर्ज दिला होता. कंपाउंडची शोभा जाते म्हणून नामंजूर झाला. गच्चीवरच्या पत्र्यांनी जात नाही, ह्याने जाते! पुढच्या सर्वसाधारण सभेत विषय परत ठेवलाय. तुमच्यापैकी निम्मे तिथे असालच. तेवढा हात वर करा.