पीएमआरडीएच्या हद्दीत घराची परवानगी : अर्जाला एक दुपार, कागदांना सात महिने

मुळशी तालुक्यात वाटणीला आलेल्या १८ गुंठ्यांवर घर बांधायचं होतं. बांधकाम परवानगीचा ऑनलाइन अर्ज भरायला एक दुपार पुरली. त्याआधी कागद एकमेकांशी जुळवण्यात सात महिने गेले. म्हणून इथे अर्जाबद्दल थोडं आणि कागदांबद्दल जास्त लिहितोय.

पहिलं काम म्हणजे कचेरी कोणती हे पक्कं करणं. पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण, अर्थात पीएमआरडीए, २०१५ मध्ये स्थापन झालं. मुख्यमंत्री त्याचे अध्यक्ष असतात. बहुतेकांना ते हिंजवडी–शिवाजीनगर मेट्रोमुळे किंवा रिंग रोडमुळे माहीत असतं. पण पुणे आणि पिंपरी-चिंचवड या दोन्ही महापालिकांच्या बाहेर मावळ, मुळशी, हवेली या तालुक्यांत आणि खेड, शिरूर, दौंड, पुरंदर, भोर, वेल्हे (आता राजगड) यांच्या काही भागांत तुमच्या घराचा नकाशा मंजूर करणारं नियोजन प्राधिकरणही तेच आहे. यातही बेटं आहेत. एमआयडीसीचं क्षेत्र, कॅन्टोन्मेंट, नगरपरिषदा यांचा कारभार वेगळा. हद्द बदलतेही. २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं पुणे महापालिकेत गेली. त्या ११ पैकी फुरसुंगी आणि उरुळी देवाची पुढे बाहेर काढून त्यांची वेगळी नगरपरिषद केली. त्यामुळे शेजाऱ्याने पाच वर्षांपूर्वी कुठे अर्ज केला होता, यावर जाऊ नका.

ग्रामपंचायतीबद्दलचा गैरसमज इथेच मिटवून टाकतो. नमुना ८ चा उतारा हा कर आकारणीचा कागद आहे. घरपट्टी भरता म्हणजे बांधकाम मंजूर आहे असं होत नाही. ग्रामपंचायतीच्या ‘ना हरकत’ पत्रावर चारमजली इमारती उभ्या राहिलेल्या सगळ्यांनी पाहिल्यात. त्यातले फ्लॅट विकताना आणि त्यावर कर्ज काढताना काय होतं, हेही पाहिलंय.

दुसरा टप्पा झोन दाखल्याचा, म्हणजे जमीन कुठल्या विभागात येते हे सांगणाऱ्या कागदाचा. दाखल्यासोबत भाग नकाशा मागून घ्याच, नुसता दाखला अर्धवट आहे. आमच्या गटाच्या दाखल्यावर ‘भागशः रहिवास, भागशः शेती विभाग’ असं आलं. विभागाची रेषा गटातून नेमकी कुठून जाते, हे भाग नकाशावरूनच कळतं. ती रेषा मोजणी नकाशावर चढवून घ्यावी लागते आणि बांधकाम रहिवास भागातच बसवावं लागतं. शेती विभागात शेतघर बांधता येतं, पण त्याला किमान ०.४ हेक्टर, म्हणजे जवळपास एक एकर जमीन लागते. १८ गुंठ्यांत तो मार्ग बंदच.

हा झोन कुठल्या आराखड्याप्रमाणे, हा प्रश्न पुणे परिसरात फार महत्त्वाचा आहे. पीएमआरडीएने २०२१ मध्ये प्रारूप विकास आराखडा प्रसिद्ध केला, त्यावर हजारो हरकती आल्या आणि २०२५ मध्ये राज्य सरकारने तो मागे घेतला. त्यामुळे पुन्हा १९९७ ची प्रादेशिक योजना, बोलीभाषेत ‘आरपी’, पाहावी लागते. जमिनीच्या एजंटांच्या मोबाइलमध्ये मात्र २०२१ चे रंगीत नकाशे अजून फिरतायत. कुणी पिवळा रंग दाखवून ‘आर झोन आहे’ म्हणालं, तर नकाशा कुठल्या सालचा ते आधी विचारा.

‘गावठाणापासून २०० मीटरच्या आत आहे, आपोआप एनए (अकृषिक) आहे,’ असंही ऐकायला मिळतं. ते अर्धंच खरं. ही सवलत प्रादेशिक योजनेत विकसनक्षम विभागात असलेल्या जमिनीलाच आहे, आणि तिथेही सरकारी रक्कम भरावीच लागते. एनए आणि बांधकाम परवानगी हे दोन वेगळे विषय आहेत. एनए झालेल्या जमिनीवरही नकाशा मंजूर करून घ्यावाच लागतो.

रिंग रोडची चौकशीही याच वेळी करा. रिंग रोड दोन आहेत. बाहेरचा एमएसआरडीसीचा (राज्य रस्ते विकास महामंडळाचा), ११० मीटर रुंदीचा. आतला पीएमआरडीएचा, ६५ मीटरचा. ‘आमचा गट रिंग रोडमध्ये नाही’ असं सांगणाऱ्याने एकाच रस्त्याची यादी पाहिलेली असू शकते. शिवाय नदीकाठी जलसंपदा विभागाच्या पूररेषा पाहाव्या लागतात. निळ्या रेषेच्या आत बांधकाम विसरा. निळ्या आणि लाल रेषेच्या मध्ये अटींसह वाव असतो. डोंगरालगत १:५ पेक्षा तीव्र उतारावर परवानगी मिळत नाही. लोहगाव विमानतळ किंवा संरक्षण खात्याच्या आस्थापनांजवळ त्यांच्या ‘ना हरकत’ची गरज लागते का, ते वास्तुविशारदाकडून आधीच तपासून घ्या.

आता ज्यात आमचे खरे महिने गेले ते : ७/१२ आणि मोजणी.

आमच्या ७/१२ वर पोटहिस्सा होता, गाव नकाशावर मात्र अख्खा गटच. आजोबांच्या पिढीत वाटणी तोंडी झाली, तलाठ्याकडे फेरफारही पडला, पण पोटहिस्सा मोजणी कधी झालीच नाही. बांध होता, वहिवाट होती, नकाशावर रेषा नव्हती. हद्द कायम मोजणीच्या ‘क’ प्रतीशिवाय, म्हणजे मोजणीनंतर मिळणाऱ्या नकाशाशिवाय, अर्ज पुढे सरकत नाही, आणि नकाशावर नसलेल्या हिश्श्याची हद्द कायम कशी करणार? म्हणून आधी पोटहिस्सा मोजणी. तिला सगळ्या सहधारकांची संमती लागते. चुलत्यांपैकी एक कुटुंब बडोद्याला, एका मयत सहधारकाच्या वारसांची नोंद राहिलेली. वारस नोंद, मग संमती, मग मोजणीची तारीख, असा क्रम लागला. ज्यांच्यात संमती होण्यासारखी नाही, त्यांना तहसीलदारांकडे जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली वाटपाचा किंवा दिवाणी दाव्याचाच रस्ता उरतो, आणि त्यात वर्षं जातात.

मोजणीच्या दिवशी बांधावर स्वतः हजर राहा आणि शेजारच्या गटवाल्यांना आदल्या दिवशी फोन करा. नोटीस गेलेली असतेच, पण ऐनवेळी ‘मला माहीतच नव्हतं’ म्हणून वाद होतात. खुणा दाखवल्या की त्याच संध्याकाळी दगड रोवून फोटो काढून ठेवा. मोजणीनंतर आकारफोड (हिश्श्यांचं क्षेत्र आणि सारा वेगळा करणं) होऊन फेरफार पडला, तेव्हा कुठे ७/१२ आणि नकाशा एक भाषा बोलू लागले.

क्षेत्राचा हिशेबही नीट समजून घ्या. ७/१२ वर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असतं. १ आर म्हणजे १०० चौरस मीटर. १ गुंठा म्हणजे १०१.१७. बोलताना आपण दोन्ही एकच धरतो. आमच्या उताऱ्यावर ०.१८ हेक्टर, म्हणजे १,८०० चौरस मीटर; मोजणीत भरले १,७४२. चटई क्षेत्र (एफएसआय, म्हणजे जमिनीवर किती बांधता येतं ते) काढताना यातलं कमी असेल तेच धरतात. घर लहान असल्याने आम्हाला फरक पडला नाही, पण पूर्ण एफएसआय वापरणाऱ्याची एखादी खोली यात जाते.

इतर हक्कांचा रकाना भिंग घेऊन वाचा. भोगवटादार वर्ग-२ (सरकारी अटींवर धारण केलेली जमीन) असेल तर जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीचा वेगळा प्रवास आहे. ‘तुकडा’, ‘पुनर्वसनासाठी राखीव’, कुळाचं नाव, सोसायटीचा फेडलेला पण न उतरवलेला बोजा, यांपैकी काहीही असलं तर छाननीत त्रुटी निघते. आमच्याकडे वडिलांच्या नावापुढे ‘एकुमॅ’, म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर, असा जुना शेरा होता. वाटप होऊन पस्तीस वर्षं झाली तरी तो तसाच. तो कमी करायला तलाठ्याकडे अर्ज दिला आणि नवा उतारा हातात आल्यावरच पुढची पायरी चढलो.

त्यानंतरचं सोपं आहे. नकाशा नोंदणीकृत वास्तुविशारद किंवा परवानाधारक अभियंत्यामार्फतच दाखल होतो. नियम मुंबई आणि काही क्षेत्रं वगळता राज्यभर लागू झालेल्या डिसेंबर २०२० च्या यूडीसीपीआरचे, म्हणजे एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीचे. भूखंड १५० चौरस मीटरपर्यंत असेल तर कमी जोखमीच्या गटात शुल्क भरल्याच्या पावतीवर काम होतं. १५० ते ३०० पर्यंत जलद मंजुरी आहे. या दोन्हींत जबाबदारी वास्तुविशारदाच्या सहीवर असते, म्हणून माणूस पारखून निवडा. आमचा भूखंड मोठा, त्यामुळे पूर्ण छाननी झाली. एकच त्रुटी निघाली, आमच्याच चुकीची. समोरचा रस्ता जागेवर सात मीटर होता आणि आम्ही सामासिक अंतर (घराभोवती सोडायची मोकळी जागा) तिथून मोजलं; रुंदीकरणाची रेषा धरून मोजायला हवं होतं. घर अडीच मीटर मागे सरकवून नकाशा पुन्हा दिला. भूखंड ५०० चौरस मीटरच्या वर असल्याने पावसाचं पाणी जिरवण्याची सोयही नकाशात दाखवावी लागली.

विकास शुल्काचा अंदाज घरबसल्या काढता येतो. रहिवासासाठी जमिनीवर रेडी रेकनर दराच्या ०.५ टक्के आणि बांधकामावर २ टक्के. समजा दर चौरस मीटरला ५,००० रुपये, विकसित होणारी जमीन १,००० चौरस मीटर आणि बांधकाम २०० चौरस मीटर. जमिनीचे २५,००० आणि बांधकामाचे २०,००० झाले. छाननी शुल्क, अनामत वगैरे वेगळं. बांधकाम कामगार कल्याणाचा १ टक्का उपकरही असतो. स्वतःच्या राहत्या घराचा खर्च ठरवून दिलेल्या मर्यादेच्या आत असेल तरच त्यातून सूट.

एमआरटीपी, म्हणजे महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायद्यात ६० दिवसांत निर्णय न आल्यास परवानगी मिळाल्याचं मानण्याची तरतूद आहे. तिच्या भरवशावर खोदाई सुरू करू नका. नकाशा नियमात बसत असेल तरच ती लागू होते, आणि बसतो की नाही हे आपण आपलं आपण ठरवून चालत नाही.

प्रारंभ प्रमाणपत्राची मुदत एक वर्ष, वाढवून जास्तीत जास्त चार. जोत्यापर्यंत काम आलं की थांबून जोता तपासणी दाखला घ्यायचा. ठेकेदाराला हे थांबणं अजिबात आवडत नाही; त्याची माणसं दुसऱ्या साइटवर जातात. तरी थांबा. सामासिक अंतरातली चूक जोत्याला सापडली तर चार दगड हलवून भागते, स्लॅबनंतर सापडली तर भागत नाही.

भोगवटा प्रमाणपत्राच्या अर्जाआधी मंजूर नकाशा हातात घेऊन घराभोवती एक फेरी मारा. आमच्या गच्चीवर ठेकेदाराने सिमेंट ठेवायला पत्र्याची शेड ठोकली होती आणि घरच्यांना ती वाळवणासाठी सोयीची वाटू लागली होती. ती उतरवली, मगच अर्ज केला.