तुम्ही विचारलंत म्हणून: आमच्या मुलानं कॉलेज का नाही बदललं?

इथं अमेरिकेत गणपतीत मंडळात, कुणाच्या डोहाळजेवणात, परवा तर इंडियन ग्रोसरीत कढीपत्ता निवडताना. प्रश्न एकच. "वहिनी, रागावू नका, पण पोहण्याची टीम बंद झाली तर त्यानं सरळ दुसरं कॉलेज गाठायचं ना? खेळाडूंना कॉलेज बदलायला ट्रान्सफर पोर्टल आहे की आता!" रागावू नका म्हणून आधीच सांगितलं की रागवायचीही सोय उरत नाही. मग मी "चाललंय आपलं" म्हणून विषय बदलते. आता एकदाच सगळं लिहून काढते. पुढच्या वेळी कुणी विचारलं की हेच पाठवीन.

नाशिकच्या मामींचा प्रश्न वेगळा आहे. "अख्खी टीम बंद केली म्हणजे पोरांनी काहीतरी केलं असणार." नाही हो मामी. पोरांनी काही केलं नव्हतं. पहाटे उठून पोहत होती, एवढंच.

कॉलेजचं नाव लिहीत नाही, कारण चिरंजीवांना तिथलीच डिग्री घ्यायची आहे.

हाउस खटल्याबद्दल (कॉलेजच्या खेळाडूंनी पैशांसाठी NCAA वर, म्हणजे कॉलेजांचे खेळ चालवणाऱ्या संस्थेवर, लावलेला) तुम्ही सगळ्यांनी वाचलंय, त्यामुळे पाल्हाळ लावत नाही. 6 जून 2025 ला न्यायाधीश क्लॉडिया विल्कन यांनी ती तडजोड मंजूर केली आणि कॉलेजांना खेळाडूंना थेट पैसे देण्याची मुभा मिळाली. पहिल्या वर्षी दर कॉलेजला कमाल मर्यादा साधारण 2 कोटी 5 लाख डॉलर. त्यातला मोठा वाटा (अमेरिकन) फुटबॉल आणि बास्केटबॉलला जाणार हे उघड होतं, आणि तो कुणाच्या ताटातून काढणार हेही. मंजुरीची वाट न बघता ज्यांनी आधीच कात्री चालवली, त्यांत आमचं कॉलेज होतं.

"जो खेळ कमावत नाही तो बंद होणारच, बिझनेस आहे शेवटी," असं मंडळातले एक काका मला समजावतात. काका स्वतः अकाउंटंट आहेत, म्हणून जास्त राग येतो. जुन्या नियमात पुरुषांच्या स्विमिंग टीमला मिळून 9.9 स्कॉलरशिप देता यायच्या. टीममध्ये तिसाच्या आसपास मुलं. म्हणजे तुकडे करून वाटायच्या. आमच्या मुलाच्या वाट्याला फीचा जेमतेम चौथा हिस्सा आला, बाकीची फी आम्ही भरली. इतरांच्या घरी थोड्याफार फरकानं तेच. ही मुलं त्या टीमसाठी त्या कॉलेजात आली आणि फी भरत राहिली. आणि जी स्कॉलरशिप 'खर्च' म्हणून दाखवतात, ती अॅथलेटिक डिपार्टमेंट कॉलेजलाच देतं. या खिशातून त्या खिशात. टीम बंद केल्यावर हे फी भरणारे येणं बंद होतं, ते कुठल्या रकान्यात लिहितात, सांगा ना काका.

दुसरं एक ठरलेलं वाक्य: "मुलींच्या नियमामुळे मुलांचं गेलं." शिक्षणात मुलगा-मुलगी भेद करू नका म्हणणारा हा कायदा, टायटल नाइन, 1972 चा आहे. मुलींना त्यांच्या पटसंख्येच्या मानानं संधी द्या, ही त्यातली एक कसोटी. आता तडजोडीतल्या नव्या मर्यादेप्रमाणे फुटबॉलचा संघ 105 जणांचा. मुलांच्या बाजूच्या एवढ्या जागा एकट्या फुटबॉलनं खाल्ल्यावर कुस्ती, जिम्नॅस्टिक्स, टेनिस, पोहणं यांना काय उरणार? पण पंगतीत चारदा वाढून घेणाऱ्याला कुणी काही बोलत नाही, नुकत्या बसलेल्या पोरींकडे बोट दाखवतात. माझी धाकटी मुलगी वॉटरपोलो खेळते. तिच्यासमोर हे वाक्य बोलू नका, ती ऐकून घेणार नाही.

"लढला का नाहीत? स्टॅनफर्डनं परत सुरू केलं ना!" केलं. 8 जुलै 2020 ला त्यांनी 36 पैकी 11 खेळ बंद करायचं जाहीर केलं, आणि 18 मे 2021 ला निर्णय फिरवला. मधल्या काळात शेन ग्रिफिथ नावाचा कुस्तीगीर कॉलेजचं नाव नसलेला काळा पोशाख घालून राष्ट्रीय विजेता झाला, माजी विद्यार्थी उभे राहिले, कोर्टात दावे गेले. पण ते स्टॅनफर्ड. आयोवाची गोष्ट कुणी सांगत नाही. ऑगस्ट 2020 मध्ये त्यांनी पुरुषांचं टेनिस, पुरुषांचं जिम्नॅस्टिक्स आणि दोन्ही स्विमिंग टीम बंद करायचं ठरवलं. महिलांची स्विमिंग टीम परत आली, तीही टायटल नाइनचा दावा लागल्यावर. पुरुषांची गेली ती गेलीच. आणि बटरफ्लाय हा पोहण्याचा प्रकार 1930 च्या दशकात घडला तो त्याच आयोवात, डेव्हिड आर्मब्रस्टर या कोचच्या हाताखाली. मुलगा बटरफ्लायवाला, म्हणून मला हे ठाऊक. कॅल पॉलीनं मार्च 2025 मध्ये पोहणं बंद केलं तेव्हा माजी खेळाडूंनी लाखो डॉलर गोळा केले. उपयोग झाला नाही. आम्ही पत्रं लिहिली, सह्या गोळा केल्या. उत्तरं आली. सगळ्यांना एकच मजकूर, फक्त वरचं नाव वेगळं.

आता तुमचा मूळ प्रश्न.

बातमी मुलांना एका मीटिंगमध्ये कागदावरून वाचून दाखवली, प्रश्न घेतले नाहीत. त्या आठवड्याच्या शनिवारी मी गाडी काढून त्याच्याकडे गेले. भाजणीचं पीठ नेलं होतं, कारण रिकाम्या हातानं जाऊन बोलायचं काय हा प्रश्न होता. अपार्टमेंटमध्ये चौघंही स्विमर. टेबलावर लॅपटॉप, त्यात मुलानं केलेलं एक्सेल शीट: कॉलेज, कोच, टीममध्ये किती जण, कितीजण यंदा बाहेर पडणार, आणि शेवटच्या रकान्यात त्या कॉन्फरन्समध्ये (आपसात स्पर्धा करणाऱ्या कॉलेजांचा गट) 200 यार्ड बटरफ्लायला सोळाव्या नंबराची वेळ. शेजारी त्याची स्वतःची वेळ, 1:47.6. काही ओळी हिरव्या, बऱ्याच लाल. मी थालीपीठं लावत होते आणि पोरं ओट्याशी उभ्यानं खात होती.

एकाचा फोन सारखा वाजत होता. तो पहिल्या वर्षाचा, 50 आणि 100 फ्रीस्टाइलचा. असा मुलगा रिलेंमध्ये चालतो, म्हणून सगळ्यांना हवा असतो. 200 बटरफ्लायवाल्याला रिलेत जागा नसते. हे मला एवढी वर्षं काठावर बसून माहीत होतं, पण त्याचा अर्थ त्या दिवशी कळला. आमच्याचा फोन टेबलावर उलटा पडलेला. त्यात नव्या नियमानं पुरुषांच्या टीमला तिसाची मर्यादा, काही कॉन्फरन्सनी ती आणखी खाली आणलेली. म्हणजे चालू असलेल्या टीममधून गळालेली मुलंही त्याच पोर्टलमध्ये. एप्रिल 2025 मध्ये न्यायाधीशबाईंनी अशा गळालेल्यांची सोय करा म्हणून तडजोड अडवून धरली, तेव्हा मला त्यांचं कौतुकच वाटलं. पण आमची टीमच नव्हती, कुठून गळणार?

दुपारी एक फोन आला. लांबच्या राज्यातलं कॉलेज. कोच भला माणूस होता, आवाजावरून कळत होतं. टीममध्ये जागा आहे, पैसे नाहीत. मेकॅनिकल आहे, पण तिसऱ्या वर्षाचे निम्मे क्रेडिट धरले जातील की नाही सांगता येत नाही, वर्ष तरी वाढेल. सोमवारपर्यंत कळव.

मुलानं बाबांना फोन लावून स्पीकरवर टाकलं. हे पलीकडून आकडे मांडत होते: एक वर्ष जास्तीचं, भाडं, प्रवास, हातची गेलेली इंटर्नशिप. काहीही चुकीचं बोलत नव्हते. मुलगा ऐकून घेत होता. फोन ठेवला आणि मला म्हणाला, "आई, तू सांग."

मी म्हटलं, "तुझं मन काय म्हणतंय ते कर."

तो म्हणाला, "नऊ वर्षांचा असताना मला सॉकरला जायचं होतं. तेव्हा नाही विचारलंस मन काय म्हणतंय ते."

हे खरं आहे. तेव्हा मी त्याला गाडीत बसवून पूलवरच नेलं होतं. आणि अजूनही मला त्यात काही गैर वाटत नाही. नऊ वर्षांच्या मुलाचं मन दर मंगळवारी बदलतं. पण हे त्या वेळी तोंडातून निघालं नाही. मी तव्याकडे वळले. तो खाली पार्किंगमध्ये गेला, थोड्या वेळानं वर आला. "नाही म्हणून सांगितलं," एवढंच बोलला आणि गार झालेलं थालीपीठ लोणच्याबरोबर खाल्लं. सोमवारपर्यंत वेळ होता, तो त्यानं वापरलाच नाही.

तर हे तुमचं उत्तर. त्याला जागा मिळत होती, त्यानं घेतली नाही. त्याला पोहायचं नव्हतं म्हणून, की स्पीकरवरचे आकडे ऐकून? मला माहीत नाही. अॅडमिशनच्या वेळी मीच म्हणत होते, कॉलेज असं निवड की उद्या खांदा दुखावला तरी तिथं राहावंसं वाटेल. त्या हिशेबानं सगळं बरोबर झालं. मग त्या शनिवारी गाडी चालवत परत येताना मला त्या भल्या कोचला परत फोन लावावासा का वाटत होता? पहाटे पावणेपाचला हीटर लावून गाडी गरम करणारी मी आणि क्रेडिट मोजणारी मी, दोघींचं अजून एकमत नाही. यांना विचारलं तर म्हणतात, विषय संपला. यांचे विषय लवकर संपतात.

तुम्ही हे का विचारता, तेही मला कळतं. तुमची लेक आठवीत आहे आणि क्लबच्या फीचा आकडा तुम्हाला झोपू देत नाही. तिला खेळात घालू नका असं मी म्हणणार नाही. पॅरिस 2024 ला ब्राँझ जिंकलेल्या अमेरिकेच्या पुरुष जिम्नॅस्टिक्स संघातले पाचही जण कॉलेजांच्या टीममधून आलेले. इथं ऑलिंपिक संघाला सरकार पोसत नाही, कॉलेजं पोसतात. फक्त कोच घरी येऊन गोड बोलेल तेव्हा त्याला चार गोष्टी विचारा. मोठ्या फुटबॉलच्या कॉलेजला किमान 16 खेळ ठेवावे लागतात. तुमचे किती आहेत? वीस-बावीस म्हणाला तर सोळाच्या वरचे कुठले, ते विचारा. कोचचा पगार देणगीच्या ठेवीतून येतो की दर वर्षी डिपार्टमेंटकडे हात पसरावा लागतो? पूल किती जुना आहे, आणि दुरुस्तीचा खर्च कुणाच्या माथी? आम्ही यातलं काही विचारलं नव्हतं. आम्ही जेवणाची सोय विचारली होती.

आणि तो आता पोहतो का, हे मला विचारू नका. त्याचा नंबर हवा असेल तर आधी त्याला विचारून मग देईन.