पुढचं नाव

दुपारी फोनमध्ये एक नंबर शोधत होते. ‘सोहमची आई’ म्हणून सेव्ह केलेल्या दोन-तीन जणी निघाल्या. लावला तो नेमका दुसऱ्याच सोहमच्या आईला लागला. ‘मी ईशाची आई बोलतेय,’ म्हटलं, तर ‘हां हां, बोला ना!’ मग शाळेच्या बसपासून गुडघेदुखीपर्यंत सगळं बोलून झालं. एकमेकींचं नाव विचारायचं दोघींपैकी एकीलाही सुचलं नाही.

१९५१ साली असतो, तर आम्ही दोघी मतदार यादीतून सरळ बाद.

पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या याद्या करायला माणसं दारोदार फिरली, तेव्हा बिहार, उत्तर प्रदेश, राजस्थानकडे कित्येक बायका स्वतःचं नाव सांगेनात. अमक्याची बायको, तमक्याची आई, एवढंच. कारकुनांनीही तसंच उतरवून घेतलं. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन मूळचे गणितातले. त्यांनी बजावलं, नाव पाहिजे, नसेल तर काट मारा. आठेक कोटी मतदार बायकांपैकी जवळजवळ २८ लाख अशा गळल्या. ओरड झाली, पण सेन ढळले नाहीत. बरंच आहे, पुढच्या वेळेपर्यंत ही रीत सुटेल, असं त्यांचं मत.

तसं त्यांचं चूक कुठे होतं? यादीत नुसतं ‘सोहमची आई’ लिहिलं, तर किती जणी येऊन मत टाकून जातील. पण घरातल्या पुरुषांना मत आणि आपल्याला नाही, हे त्यातल्या किती जणींना कळलं तरी असेल?

माझ्या आजीचं नाव यादीत होतं. स्वतःचं नाव सांगायला ती कधी लाजली नाही. अडायचं ते पुढच्या नावाला. आजोबा पांडुरंग. आरतीत ते नाव आलं की आजी गप्प, टाळ्या मात्र चालू. मी लहान असताना तिच्याबरोबर गावच्या शाळेत मतदानाला गेले होते. टेबलामागच्या मास्तरांनी विचारलं, ‘नाव?’

‘सीताबाई.’

‘पुढं?’

आजीने पदर सारखा केला आणि मला कोपरानं ढोसलं. मी मोठ्यांदा ओरडले, ‘पांडुरंग!’ रांगेतल्या बायका खुसखुसल्या. मास्तर हसले नाहीत, त्यांना सवय असणार. शाईचं बोट मला लावून मिळालं नाही, याचं दुःख मला पुढे बरेच दिवस पुरलं.

१९५२ चं मत मात्र आजी चवीने सांगायची. तेव्हा शिक्का मारायची भानगड नव्हती. हातात नोटेएवढा कागद द्यायचे. आडोशाला पेट्या मांडलेल्या, उमेदवारागणिक वेगळी, पेटीवर चित्र डकवलेलं: बैलजोडी, झोपडी, झाड. आपल्या माणसाच्या पेटीत कागद टाकायचा की झालं. वाचता येणारे तेव्हा शंभरात वीसही नव्हते, आणि मतदार सतरा कोटींच्या वर. दुसरं करणार काय? ती लोखंडी पेट्यांच्या रांगेसमोर बराच वेळ उभी राहिली म्हणे. ‘घाई कशाला करायची? आत कोणच नव्हतं, मी एकटीच.’ हे एकटीच ती असं म्हणायची, की माहेरी जाऊन आल्यासारखं वाटावं. सासू-सासरे, दीर-जावा, सात-आठ पोरं अशा त्या घरात तिला एरवी एकटं कोण सोडत होतं!

आजोबा कट्टर बैलजोडीवाले. बाहेर आल्यावर त्यांनी विचारलं, ‘बैलांतच टाकलं न्हवं?’ आजी म्हणाली, ‘टाकलं.’ कशात, ते नाही. आजोबांनी पुढे कधीमधी आडून विचारून पाहिलं, पण शेवटपर्यंत पत्ता लागला नाही. आईचा संशय झोपडीवर आहे. मला आपलं झाड वाटतं. का, ते विचारू नका.