वावटळ कुठंही फिरो, मान्सून उजवीकडेच वळतो

एप्रिल-मे आला की आमच्या रावेरकडे केळीच्या भावाइतकीच चर्चा वाऱ्याची. घड भरत आलेले, खोडं वरून जड झालेली. एक झपाटा आला की बाग आडवी. बांधाला शेवरी लावतो, पण तीही किती अडवणार?

त्यात परवा भाच्यानं मोबाइलवर रील दाखवलं. केनियातल्या नान्युकी गावी विषुववृत्तावर एकजण बुडाला भोक असलेल्या भांड्यात पाणी ओततो. रेषेच्या अलीकडे पाणी एका दिशेनं फिरतं, पलीकडे उलट. "मामा, पृथ्वी फिरते म्हणून ना?"

नाही रे बाबा. चार पावलं इकडेतिकडे झाल्यानं कसला फरक पडतोय! ती सगळी ओतणाऱ्याच्या हाताची करामत. आपल्या रानातल्या वावटळी बघ. नांगरून तापलेल्या काळ्या जमिनीत दुपारी उठतात, धूळ-पाचोळा घेऊन. एक उजवीकडून फिरते, दुसरी डावीकडून. एवढ्याशा गोष्टी पृथ्वीच्या खिजगणतीत नसतात.

तिला लांबचा पल्ला लागतो आणि वेळही. विषुववृत्तावर जमीन ताशी सुमारे १६७० किलोमीटर वेगानं पूर्वेला पळते, आपल्या २१ अंशांवर १५६० च्या आसपास, ध्रुवावर शून्य. विषुववृत्तावरून उत्तरेला निघालेली हवा तो जादा वेग सोबत आणते, म्हणून पूर्वेला, म्हणजे स्वतःच्या उजव्या हाताला सरकते. शाळेत इथंच खडू खाली ठेवतात, ते मला पटत नाही. कारण पूर्वेला जाणारी हवाही उजवीकडेच वळते. ती जमिनीपेक्षा जोरात फिरत असते, त्यामुळे पृथ्वीच्या आसापासून बाहेर फेकली जाते. आणि आपल्या गोलार्धात 'बाहेर' म्हणजे थोडं वर, थोडं दक्षिणेला. दक्षिण गोलार्धात सगळंच डावीकडे.

फ्रान्सच्या गास्पार-गुस्ताव्ह कोरिओलिसनं १८३५ मध्ये हे गणित मांडलं, तेव्हा त्याच्या डोक्यात वारेबिरे नव्हते. फिरणारी यंत्रं होती.

आपला पाऊस मात्र या वळणानंच येतो. मॉरिशसच्या बाजूला, दक्षिण हिंदी महासागरात हवेचा दाब जास्त असतो. तिथून निघालेले आग्नेय वारे विषुववृत्त ओलांडलं की उजवीकडे वळतात आणि नैर्ऋत्य मोसमी वारे होऊन अरबी समुद्रावरून येतात. बरंचसं पाणी सह्याद्री ठेवून घेतो नि उरलंसुरलं खान्देशाच्या वाट्याला, ही तक्रार वेगळी.

बॉइस बॅलट या डच हवामानशास्त्रज्ञाचा १८५७ चा एक नियम मला फार आवडतो, कारण त्याला काही विकत घ्यावं लागत नाही. उत्तर गोलार्धात वाऱ्याकडे पाठ करून उभं राहायचं. कमी दाब डाव्या हाताला. जमिनीशी घासून वारा थोडा आत वळतो, म्हणून हात जरासा पुढे धरायचा. वळवाच्या झपाट्यात हे चालत नाही, पण जुलैत उघड्या रानात करून बघा. पाठीला पश्चिमेचा वारा, तोंड पूर्वेला, डावा हात सातपुड्याकडे. त्याच्याही पलीकडे, राजस्थानपासून गंगेच्या मैदानापर्यंत, मान्सूनचा कमी दाबाचा पट्टा पसरलेला असतो. तो खाली सरकला, किंवा बंगालच्या उपसागरातलं कमी दाबाचं क्षेत्र मध्य प्रदेशातून पश्चिमेला यायला लागलं, की तापी फुगते, हतनूर धरणाचे दरवाजे उघडतात, आणि मी फवारणी पुढे ढकलतो.