चार बॅगा, सहा माणसं आणि डिकीचा हिशेब

आई-बाबा अमेरिकेत आले त्या दिवशी आम्ही मुद्दाम सात सीटची एसयूव्ही भाड्याने घेऊन विमानतळावर गेलो. आम्ही चौघं आणि ते दोघं, म्हणजे माणसं सहा, सीट सात. हिशेब चोख होता. डिकी उघडली आणि तो गडबडला. तिसरी रांग उभी केल्यावर मागे जेमतेम एक फळीभर जागा उरली होती. दोन बॅगा कशाबशा बसल्या, उरलेल्या दोन घेऊन नवरा टॅक्सीने आला. बाबा रस्ताभर काही बोलले नाहीत. घरी उतरल्यावर गाडीभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाले, "अगं, रणगाडा आहे हा नुसता. आणि बॅगा टॅक्सीत?"

आमची पाच सीटची गाडी बदलायची होतीच. बाबांनी टेप मागितला, आणि पुढचे दोन शनिवार-रविवार त्यातच गेले.

आधी मापाचा घोळ सांगते, कारण भारतातून फोनवर भावाने पहिला प्रश्न तोच विचारला होता, "डिकी किती लिटरची?" इथे डिकी लिटरमध्ये नाही, घनफुटांत सांगतात. एक घनफूट म्हणजे साधारण २८.३ लिटर. टोयोटाची पाच सीटची एसयूव्ही रॅव्ह-फोर, २०१९ ते २०२५ ची पिढी, तिच्या माहितीपत्रकात ३७.५ घनफूट लिहिलेलं असायचं, म्हणजे हजाराच्या वर लिटर. तुमच्याकडच्या क्रेटाची डिकी ४३३ लिटर. भाऊ म्हणाला, "दुपटीहून मोठी!" तसं नाही. हीच रॅव्ह-फोर युरोपात ५८० लिटरची म्हणून विकली गेली. डिकी तीच, फक्त मोजायची रीत वेगळी. युरोपात २० × १० × ५ सेंटिमीटरचे ठोकळे रचून मोजतात, एक ठोकळा एक लिटर, आणि सहसा डिकीवरच्या पडद्याच्या उंचीपर्यंतच. इथला आकडा छतापर्यंतचा. छताला टेकेपर्यंत सामान भरलं तर आरशात मागचं काय दिसणार, हे माहितीपत्रक सांगत नाही.

म्हणून आम्ही घनफूट बाजूला ठेवून बॅग हेच माप धरलं. विमानात चेक-इन बॅगेची लांबी, रुंदी आणि उंची मिळून ६२ इंचांची मर्यादा असते. ३० × २० × १२ इंचांची बॅग धरली तर ती होते ४.२ घनफूट. चार बॅगा, १६.७.

आता टोयोटा हायलँडर बघा, २०२० नंतरची. तिसऱ्या रांगेमागे १६ घनफूट, तिसरी पाडली तर ४८.४, दुसरीही पाडली तर ८४.३. जाहिरातीत मिरवतात तो शेवटचा आकडा. त्यासाठी पुढचे दोघं सोडून बाकी सगळ्यांना घरी ठेवावं लागतं! सहा माणसं बसवायची तर आपल्या वाट्याला येतात ते १६, म्हणजे कागदावरसुद्धा चार बॅगा बसत नाहीत.

शोरूममध्ये आम्ही खरोखरच चार रिकाम्या बॅगा घेऊन गेलो. विक्रेता आधी हसला, मग स्वतःच उचलू लागला. हायलँडरमध्ये दोन उभ्या राहिल्या, तिसरी वर आडवी टाकली तर मागची काच झाकली गेली. ग्रँड हायलँडर तिच्यापेक्षा साडेसहा इंच लांब आणि मागे २०.६ घनफूट. तिच्यात तीन नीट उभ्या, चौथीसाठी दार लागेना. कागदावर चारही बसायला हव्या होत्या, पण बॅगेला कोपरे असतात आणि एसयूव्हीची मागची काच पुढे कललेली असते. बाबांनी चाकांवरच्या दोन फुगवट्यांमधली रुंदी मोजून वहीत लिहून घेतली. माझ्या मते तो आकडा घनफुटांपेक्षा जास्त कामाचा आहे.

किया टेल्युराइडची पहिली पिढी ग्रँड हायलँडरपेक्षा साडेचार इंच आखूड, तरी मागे २१ घनफूट लिहिलेले. म्हणजे लांब गाडीची डिकी मोठीच असते असंही नाही.

मग शेवरलेची सबर्बन. तिसऱ्या रांगेमागे ४१.५ घनफूट. नवऱ्याचे डोळे चमकले. पण लांबी २२५ इंचांच्या वर, म्हणजे जवळजवळ १९ फूट, आणि इथे पार्किंगचे पट्टे बऱ्याच ठिकाणी १८ फुटांचे असतात. ती गाडी चालवणार मी. विषय संपला.

एक गोष्ट मला इथे येऊन इतकी वर्षं झाली तरी माहीत नव्हती. ड्रायव्हरचं दार उघडलं की चौकटीवर एक स्टिकर असतो. माणसं आणि सामान मिळून किती वजनाच्या वर जायचं नाही, ते त्यावर छापलेलं असतं. आमची सहा माणसं आणि २३ किलोच्या चार बॅगा धरून बेरीज सव्वाचारशे किलोच्या पुढे गेली. आमच्या जुन्या गाडीचा स्टिकर वाचला आणि गेल्या उन्हाळ्यातल्या ट्रिपबद्दल कोणी काही बोललं नाही.

शेवटी, परतताना, बाबांना कोपऱ्यात टोयोटाचीच एक सिएना दिसली. मिनीव्हॅन. ग्रँड हायलँडरपेक्षा फक्त २.३ इंच लांब, पण तिसऱ्या रांगेमागे ३३.५ घनफूट, कारण तिथे जमीनच खोल खड्ड्यासारखी खाली गेलेली आहे. चारही बॅगा उभ्या राहिल्या आणि दार लागलं. सरकतं दार आईला फार आवडलं, गुडघे न वाकवता आत जाता येतं म्हणून.

नवरा मात्र अडून बसलाय. मिनीव्हॅन घेतली की माणूस म्हातारा दिसतो म्हणे. बाबा शांतपणे म्हणाले, "मग तुम्ही टॅक्सीने या."

सध्या टेप बाबांकडेच आहे. गॅरेज साडेएकोणीस फूट खोल भरलं, सिएना १७ फुटांची. डिकीचं दार वर उचलायला मागे किती जागा लागते, ते मोजायचं राहिलंय.